दाण्याबरोबर कडबाही

ज्वारीचे पहिले संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ साली प्रसारित झाले. ते बुटके होते, लवकर काढणीला येत होते आणि दाण्याचा त्याचा उतारा गावरान वाणांपेक्षा कितीतरी जास्त होता. खरिपाच्या पट्ट्यात ते आणि त्याच्या मागून आलेली संकरित वाणे पसरली. रब्बीच्या पट्ट्यात मात्र, म्हणजे सोलापूर, मंगळवेढा, माण, आटपाडी या भागांत, मोहोळच्या केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेली जुनी मालदांडी ३५-१ जी ठाण मांडून बसली ती आजवर हललेली नाही. याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती तग धरते आणि तिची भाकरी पांढरीशुभ्र व गोड होते. पण माझ्या आजोळी, सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, कोणाही जाणत्या माणसाला विचारले तर तो भाकरीच्या आधी कडब्याचे नाव घेतो. उंच ताटाचा, पालेदार, चवीला गोडसर असा हा कडबा जनावर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत संपवते, गव्हाणीत मागे फारसे काही ठेवत नाही.

मामा हा हिशेब फार सरळ मांडतात. दाणा एखादे पोते कमी आला तर बाजारातून आणता येतो. कडबा कमी पडला तर उन्हाळ्यात बैल विकावा लागतो, बैल गेला की पेरणी दुसऱ्याच्या औताच्या सवडीवर जाते, तोवर वरची ओल उडते, आणि शेण निम्म्यावर आल्यामुळे पुढच्या वर्षी मळ्याच्या वाट्याला खत राहत नाही. वाणाच्या निवडीत त्यांनी पीक, चारा, ओढकाम आणि जमिनीचा कस या साऱ्यांची गाठ घातलेली असते. ज्वारीची पैदास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही पुढे कडब्याच्या उताऱ्याला आणि प्रतीला वजन दिले, पण ते वजन आधी शेतकऱ्यांच्या नकारातून दिसले होते. पीक, जनावरे, खत, मासे असे घटक एकमेकांच्या आधाराने चालवणारी एकात्मिक शेती पद्धती असे जिला आपण म्हणतो, तिचे शेतकऱ्याजवळ असलेले ज्ञान कसल्या प्रकारचे असते, हे मला या उदाहरणाइतके दुसऱ्या कशातून स्पष्ट झालेले नाही. ते घटकांचे ज्ञान कमी आणि घटकांमधल्या सांध्यांचे ज्ञान जास्त असते.

कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय, घेतलेल्या कोणालाही एक प्रश्नावली ओळखीची असेल. शेतकऱ्यांचे एकात्मिक शेती पद्धतीविषयीचे ज्ञान आणि त्यावर परिणाम करणारे घटक, अशा आशयाचे प्रबंध आपल्या विद्यापीठांतून वर्षानुवर्षे होत आले आहेत, आणि त्यांतल्या एकासाठी मीही गावोगाव फिरून फॉर्म भरून घेतले आहेत. शेळीचा गाभणकाळ किती दिवसांचा, कोंबडीच्या पिल्लांना मानमोडी रोगावरची लासोटा लस कोणत्या वयात द्यावी, शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ कोणत्या प्रमाणात सोडावेत, गांडूळखताला किती दिवस लागतात, असे प्रश्न असत. उत्तर बरोबर आले तर एक गुण, चुकले तर शून्य. बेरजेवरून ज्ञान निर्देशांक काढायचा, आणि मग वय, शिक्षण, जमीनधारणा, वार्षिक उत्पन्न, विस्तार यंत्रणेशी संपर्क यांच्याशी त्याचा सहसंबंध लावायचा. निष्कर्ष बहुधा एकाच वळणाचा निघतो. जास्त शिकलेला, जास्त जमिनीचा आणि कृषी विज्ञान केंद्रात जाणे-येणे असलेला शेतकरी जास्त जाणकार ठरतो. यात नवल ते काय? प्रश्न ज्या घडीपत्रिकांवरून बेतलेले असतात, त्या घडीपत्रिका याच माणसांच्या हाती आधी पोचलेल्या असतात.

असे प्रबंध निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. लासोटाची वेळ ठाऊक नसेल तर परड्यातली सगळी पिल्ले मानमोडीने एका आठवड्यात जातात, आणि ही माहिती कोणत्याही परंपरेतून आपोआप येत नाही. मुद्दा असा की या गुणपत्रिकेत कोंबडीचा रकाना वेगळा आणि खताचा रकाना वेगळा असतो. मामीचा उकिरडा दोन्ही रकान्यांत बसत नाही.

हा उकिरडा गोठ्याच्या मागे, शेवग्याच्या सावलीत आहे. त्यावर शेणाचा थर पडतो, त्यावर गव्हाणीतला उरलासुरला चगळ, मग चुलीतली राख आणि अधूनमधून गोठ्यातली मुतारलेली माती. शेळ्यांच्या लेंड्यांचा ढीग मामी वेगळा ठेवते, कारण तो वांग्या-मिरचीच्या वाफ्यांसाठी राखलेला असतो. थंडीत सकाळी ढिगाच्या कुशीत ती पहार खुपसून ठेवते, थोड्या वेळाने उपसून तळहाताने तिची ऊब पाहते, आणि ढीग अजून कच्चा आहे की मुरत आला आहे हे सांगते. कच्चे खत रानात गेले तर त्याच्याबरोबर हुमणी जाते आणि पुढे उसाची व भुईमुगाची मुळे खाते, हे तिला पक्के ठाऊक आहे. म्हणूनच उकिरडा उकरला की ती कोंबड्या त्यावर सोडते. पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार वळलेल्या अळ्या कोंबड्या दिसताक्षणी टिपतात. खत निर्धोक होते, कोंबड्यांना फुकटात प्रथिने मिळतात आणि अंड्यांच्या पैशातून मामीचा किरकोळ खर्च निघतो. या एका कृतीत कीड नियंत्रण, कुक्कुटपालन आणि खत व्यवस्थापन अशी तीन प्रकरणे आहेत, आणि मी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी एकही प्रश्न नव्हता. शिवाय तो फॉर्म मामीला विचारायचाच नव्हता. नमुना निवडला जातो सातबाराच्या यादीवरून, आणि सातबारावर मामा आहेत.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते असे आपल्याकडे म्हणतात, पण उकिरड्याचे दैव बरेचसे अंतरावर ठरते. युरियाच्या पोत्यात आता पंचेचाळीस किलो माल असतो आणि युरियात नत्राचे प्रमाण ४६ टक्के, म्हणजे एका पोत्यात साधारण वीस किलो नत्र आले. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का धरतात. तेवढेच वीस किलो नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टन खत वाहावे लागेल. एक पोते मोटरसायकलच्या टाकीवर आडवे टाकून माणूस दहा मिनिटांत रानात पोचतो. चार टनांना ट्रॉली लागते, भरायला-पसरायला माणसे लागतात, आणि पायवाटेचे रान असेल तर बाईच्या डोक्यावरची पाटी लागते. शेणखतात नत्राखेरीज बरेच काही असते, जमिनीचा पोत त्याने सुधारतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तरीही गावाला लागून असलेल्या रानाला खत मिळते आणि ओढ्यापलीकडच्या तुकड्याला युरिया, कारण पाटी वाहणाऱ्या बाईला ओढा ओलांडावा लागतो.

महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. हे आकडे नेहमी गरिबीचा पुरावा म्हणून दिले जातात. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. वाटणी होताना जमिनीबरोबर गोठाही वाटला जातो, आणि एवढ्याशा जमिनीवर बैलजोडी परवडत नाही. बैल गेले की बैलांभोवती विणलेले ज्ञान, म्हणजे चारा कोणत्या महिन्यात किती शिल्लक हवा, बांधावरचे गवत कधी कापायचे, पेंड कधी द्यायची आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे सगळे एका पिढीत पुसट होते. नातवाला ते कोणी शिकवले नाही असा दोष देण्यात अर्थ नाही, कारण ज्यावर हात फिरवून शिकायचे तेच दावणीला उरलेले नाही.

दूरच्या रानाची अडचण जुन्या लोकांनी एका वेगळ्या मार्गाने सोडवली होती, आणि तो मार्ग अजून पूर्ण बंद झालेला नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे फिरते तळ, मेंढरे घेऊन बाहेर पडतात. काढणी झालेल्या रानात रात्री मेंढरे बसवायची, लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत जायचे, आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा रोख पैसे द्यायचे. चार टनांची ट्रॉली लागत नाही. खत आपल्या पायांनी चालत येते आणि सकाळी पुढच्या शिवाराला निघून जाते. कोणत्या रानात किती रात्री बसवायचे, हरभऱ्याच्या रानाशेजारी वाडा लावायचा की नाही, पाणी कोठे पाजायचे, याची बोलणी दोन अनुभवी माणसांमध्ये होतात. एकाला जमिनीची भूक कळते, दुसऱ्याला कळपाची. म्हणजे हे ज्ञान एका कुटुंबात सामावलेले नाही, दोन समाजांच्या व्यवहारात ते वाटलेले आहे. धनगराला प्रश्नावलीत शेतकरी म्हणून जागा नाही, कारण बहुधा त्याच्या नावावर त्या गावात जमीन नसते. आणि आता रब्बीला पाणी आले, टेंभूसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवले, वर्षभर रान हिरवे राहू लागले, तशी मेंढरांना बसायला मोकळी राने कमी झाली. पाणी यायला नको होते असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. या तालुक्यांनी जे दुष्काळ पाहिले ते मी लहानपणी चारा छावणीत जाऊन पाहिले आहेत. मात्र पाण्याने कोणता सांधा निखळला हेही मांडले पाहिजे.

हे सांधे निखळणे नवे नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवले होते. पूर्वी तुटपुंज्या जमिनीचा शेतकरीसुद्धा रानातला पाला-फळे आणि गायरान यांच्या आधारावर एखादी गाय व दोनचार शेळ्या बाळगून गावात टिकून राहत असे, आणि जंगल खात्याने ती राने ताब्यात घेतल्यावर त्याचा हा आधार तुटला, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून ते ताली-बंधारे सुचवतात, तेही केवळ पाणी अडवण्यासाठी नव्हे. डोंगरांवरचा पालापाचोळा आणि मेलेल्या किड्या-जनावरांचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर ओढ्यात वाहून वाया न जाता शेतात मुरावे, हा त्यामागचा हेतू ते स्पष्ट सांगतात. डोंगर, गुरे, पाणी आणि शेत यांना एका सूत्रात पाहणारा हा विचार आहे. आज आपण शेतकऱ्यांचे ज्ञान वय आणि शिक्षण यांच्याशी ताडून पाहतो. फुल्यांनी ते गायरान कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी ताडून पाहिले होते. मला दुसरी पद्धत जास्त शास्त्रीय वाटते.

जुने ते सोने असा सूर येथे लागू नये म्हणून दुसरी बाजू सांगतो. मामांच्या शेजारच्या मळ्यात शेततळे आहे, प्लास्टिकचे अस्तर घातलेले, आणि त्यात मासे सोडले आहेत. या भागात मत्स्यशेतीची परंपरा नाही. तेथल्या तरुणाने सगळे प्रशिक्षणातून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकून घेतले. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाचे, हे त्याला पाठ होते. पाण्यात शेण टाकले की प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि माशांना खाद्य मिळते, हेही माहीत होते. मग एका ढगाळ आठवड्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले. दिवसभर ऊन नसले की शैवाल पुरेसा प्राणवायू तयार करत नाही, रात्री शैवाल आणि कुजणारे शेण दोन्ही तो खर्च करतात, आणि पहाटेपर्यंत पाणी गुदमरते. त्याने पंप लावून तेच पाणी उंचावरून तळ्यात पाडले आणि बरेच मासे वाचवले. आता आभाळ भरले की तो शेण टाकत नाही, आणि पहाटे बॅटरी घेऊन तळ्यावर एक चक्कर मारतो. तळ्याचे गढूळ, पोसलेले पाणी तो ठिबकऐवजी पाटाने डाळिंबाच्या एका भागाला देतो, कारण ठिबकच्या तोट्या शैवालाने बुजतात. हे सगळे सांध्यांचेच ज्ञान आहे आणि ते काही हंगामांत तयार झाले आहे. त्याला परंपरेची गरज पडली नाही. स्वतःचे तळे, विजेचा पंप आणि नुकसान सोसण्याची थोडी ऐपत मात्र लागली. पहिल्याच तळ्यात ज्याची सगळी पुंजी अडकली असेल, त्याला इतके शिकायला उसंत मिळत नाही.

ऊस आल्यावर वाढ्यांबाबतही, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांबाबतही, असेच झाले. तोडणीच्या हंगामात वाढे स्वस्त आणि मुबलक मिळतात, म्हणून ज्वारीचा पेरा घटलेल्या घरांनी गाई-म्हशींना ते भरपूर घातले. वाढ्यांतली ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतात आणि दुभत्या जनावराच्या अंगातले कॅल्शियम कमी पडू लागते, हे सांगितले ते जनावरांच्या डॉक्टरांनी आणि दूध संघांच्या पर्यवेक्षकांनी. चुन्याची निवळी वाढ्यांवर शिंपडायची पद्धत त्यातून रुजली. मामीने ती उचलली आणि पुढे तिच्यात स्वतःची भर घातली. वाढे एकटे न घालता ती त्यात उरलासुरला कडबा कुट्टी करून मिसळते. ज्ञान वरून खाली येते की खालून वर जाते, हा वाद मला म्हणून फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हवेशीर टाक्यात पालापाचोळा, शेण आणि माती थराथराने कुजवण्याची नाडेप खताची पद्धत पुसदच्या नारायण पांढरीपांडे या शेतकऱ्याने बसवली, ती घडीपत्रिकेत गेली, घडीपत्रिकेतून प्रश्नावलीत आली, आणि आता दुसऱ्या शेतकऱ्याला ती येते की नाही यावरून त्याचे गुण ठरतात.

सांध्यांचे ज्ञान एकट्या कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे गेले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्याच्या खाजणांत पाहायला मिळते. खाडीच्या भरतीरेषेखालच्या या जमिनी बांध घालून शतकांपूर्वी उठवल्या गेल्या. बांधाला मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ लागले की उघडते. पावसाने मीठ धुतले गेल्यावर आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात येते, आणि मानशीच्या तोंडाशी मासे-कोळंबी मिळतात. भात, मासे आणि खाडी यांचा हा मेळ गावकरीच्या म्हणजे गावसंस्थेच्या नियमांवर चालत होता. बांध कोणी राखायचा आणि दार कोणी कधी उघडायचे, हे ठरलेले असे. पुढे कुळकायदा आला. १९६४ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिले, जे द्यायलाच हवे होते, आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. दरम्यान मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसे देऊ लागला. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी आत आलेले हवे असते, भात लावणाऱ्याला ते बाहेर हवे असते, आणि जेथे दार पहिल्याच्या मर्जीने उघडे राहिले तेथे राने पडीक पडली. दार कधी उघडावे आणि कधी मिटावे हे त्या गावांत आजही म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. त्यांच्या जाणण्याने दार मिटत नाही. माशांचा घटक भाताच्या घटकाला खाऊ लागला की तो वाद कोणत्याही प्रशिक्षणाने सुटण्यातला नसतो.

अधिकाराचा हाच प्रश्न घरात येतो तेव्हा तो बायकांचा असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे चौदा टक्के होते. शेण, चारा, दूध, कोंबड्या, परसबाग, बियाण्याची राखण ही जोडणारी कामे बहुतेक त्याच करतात, आणि काय पेरायचे हे मात्र सातबारावाला ठरवतो. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने जे एक एकराचे काम केले, त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तंत्राची नाही. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयावर सोडायला कुटुंबाला राजी करायचे, आणि मग तिथे ती डाळी, भाजी, बाजरी, थोडी शेळी-कोंबडी यांची घडी आपल्या मनाने बसवते. तिला एकात्मिक शेती शिकवावी लागत नाही. एकर मिळाला की तिला आधीपासून येत असलेले तिथे उमटते. विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवरचे एक हेक्टरचे नमुने मी पाहिले आहेत, नीटनेटके आणि खरोखर अभ्यासपूर्ण. तिथे गेल्यावर मला नेहमी विचारावेसे वाटते की म्हैस व्यायला झाली की रात्री गोठ्यात कोण झोपते, आणि त्याची मजुरी ताळेबंदात कुठे धरली आहे.

अर्थात मामीच्या सुनेला हे सगळे करायचे नाही. ती पदवीधर आहे, विट्याला नोकरी करते, आणि पहाटे शेण काढून मग बस पकडणे तिला मान्य नाही. मला तिचे म्हणणे रास्त वाटते. ज्या ज्ञानाची किंमत एका बाईची कंबर असते ते ज्ञान टिकावे असा आग्रह धरणे बाहेरच्या माणसाला सोपे जाते. त्या घरात सध्या असा तोडगा निघाला आहे की गोबरगॅस बांधायचा आणि शेण गोठ्यातून नाल्यावाटे थेट त्यात सोडायचे, म्हणजे पाटी उचलावी लागणार नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते, आणि दोन म्हशी व एक गाय मिळून ते कसेबसे जमेल असा मामांचा अंदाज आहे. मामीचा आक्षेप वेगळाच आहे. गॅस निघाल्यावर बाहेर येणारी शेणाची स्लरी पातळ असते, ती ढिगासारखी उकरता येत नाही, मग कोंबड्यांनी काय टिपायचे आणि राख कोठे जिरवायची? यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी स्लरी चगळावर आणि उसाच्या पाचटावर ओतून तिचा वेगळा ढीग लावायचा, राख त्यावर पसरायची आणि कोंबड्या आधी जुन्याच उकिरड्यावर सोडून पाहायच्या, असे ठरले. अनुदानाच्या अर्जाला सातबारा आणि आठ-अ जोडायचे आहेत, म्हणून अर्ज मामांच्या नावाने जाईल. खड्ड्याची जागा मात्र मामीने आखून दिली आहे, शेवग्यापासून दूर आणि उन्हात, कारण थंडीत सावलीतल्या संयंत्राचा गॅस मंदावतो हे तिने माहेरी पाहिलेले आहे.